नाव मोठे की डाव मोठा?

नव्या दमाचा एखादा मल्ल आखाड्यात गाजू लागला म्हणजे त्याला मोठ्या रिंगणात उतरवावे, की नामांकित मल्ल आपली जागा सोडीपर्यंत त्याला ताटकळत ठेवावे, हा प्रश्न आपल्या देशात मोठ्या स्पर्धांच्या तोंडावर हटकून उपस्थित होतो; आणि त्याचे उत्तर बहुधा आखाड्याबाहेरच शोधले जाते. 2028 साली लॉस एंजेलिस येथे भरणाऱ्या ऑलिंपिकच्या निवडीच्या वेळी हाच वाद पुन्हा पेटला तर आम्हांला नवल वाटणार नाही. म्हणून तो पेटण्यापूर्वीच त्याचा निकाल लावावा, असे आमचे मत आहे. मुंबईच्या उपनगरांना तर या बाबतीत बोलण्याचा विशेष अधिकार पोचतो. कारण 2016 साली या वादात जो होरपळून निघाला, तो नरसिंग यादव जोगेश्वरीत वाढला आणि कांदिवलीत घडला होता.

दुधाचा व्यवसाय करणाऱ्या वडिलांच्या घरचा हा मुलगा. कांदिवलीच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात जगमाल सिंग यांच्या हाताखाली त्याने मेहनत केली, 2010 च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा सलग तीन वेळा खांद्यावर घेतली. 2015 साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत 74 किलो गटात कांस्यपदक जिंकून त्याने रिओ ऑलिंपिकमधील भारताची जागा निश्चित केली. येथवर सारे सरळ होते. पण त्याच वजनात एक फार मोठे नाव उभे होते. सुशील कुमारने बीजिंगला कांस्य आणि लंडनला रौप्य, अशी दोन ऑलिंपिक पदके देशाला मिळवून दिली होती. त्याचा 66 किलोचा गट रद्द झाल्यामुळे तो 74 किलोत आला, 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, पुढे दुखापतीने मागे पडला. आणि रिओ जवळ येताच ‘आम्हां दोघांची कुस्ती लावा, जिंकेल तो जाईल’ अशी त्याने मागणी केली.

ही मागणी वरकरणी अन्यायाची नव्हती. ऑलिंपिकची जागा देशाची असते, ती मिळविणाऱ्याच्या नावावर तिचा सातबारा चढत नाही, हा युक्तिवाद खोटा कसा म्हणावा? पण ज्याने वर्षभर मॅटवर उतरून, जगातल्या मल्लांशी झुंजून ती जागा आणली, त्याने ती पुन्हा घरच्या अंगणात सिद्ध करावी, आणि तीही ऐन तयारीच्या महिन्यांत, हे न्यायाला धरून नाही. पूर्वपुण्याईचा मान सत्कारसभेत राखावा. निवड ताज्या कामगिरीवर व्हावी. 6 जून 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सुशीलची याचिका फेटाळली, तेव्हा नरसिंगच्या पारड्यात न्यायच पडला, असे आम्ही आजही म्हणतो.

तथापि खरा दोष दोघांपैकी एकाही मल्लाचा नव्हता. जागा मिळविणारा जाणार की अंतिम चाचणी होणार, हे लास व्हेगासच्या आधीच कागदावर लिहून जाहीर केले असते, तर कोर्टाची पायरी चढण्याचे कारणच काय होते? आखाड्यात मोडायची रग वकिलांच्या कचेरीत मुरली. पुढचे प्रकरण तर अधिकच दुःखद झाले. उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत नरसिंग सापडला. आपल्या अन्नपाण्यात कोणी घात केला, हे त्याचे म्हणणे देशातील यंत्रणेने 1 ऑगस्टला मान्य केले, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते 18 ऑगस्टला, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली. त्या निकालाची फेरतपासणी करण्याचा अधिकार आमचा नाही. पण मल्लाला पुढे करणे म्हणजे केवळ त्याचे नाव यादीत चढविणे नव्हे. तो काय खातो, काय पितो, कोणाच्या देखरेखीखाली असतो, याची जबाबदारी उचलणे होय, हा धडा त्यातून घ्यावयाचा की नाही?

धडा घेतला गेला नाही, हे 2023 साली दिसले. हांगझौच्या आशियाई स्पर्धेसाठी विनेश फोगट आणि बजरंग पुनिया यांना चाचणीतून सूट मिळाली. 20 वर्षांखालील जगज्जेती अंतिम पंघाल आणि तरुण सुजित कलकल यांनी पुन्हा दिल्ली उच्च न्यायालय गाठले, आणि पुन्हा याचिका फेटाळली गेली. पुढे विनेशला दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली, राखीव असलेल्या अंतिमला जागा मिळाली आणि तिने कांस्यपदक आणले. बजरंग मात्र पदकाविना परतला. जिला दाराबाहेर उभे केले होते तीच पदक घेऊन आली, यावर अधिक भाष्य कशाला?

याउलट मार्च 2024 मधील चाचणी पाहा. टोकियोचा रौप्यविजेता रवी दहिया आणि अवघ्या विशीतला अमन सेहरावत समोरासमोर आले. अमन 14-13 असा निसटता जिंकला. नावापेक्षा डाव एका गुणाने सरस ठरला, कोणी कोर्टात गेले नाही, आणि त्याच अमनने पॅरिसमध्ये भारताला कुस्तीतले एकमेव पदक मिळवून दिले. अर्थात याही वर्षी आणखी एक अंतिम चाचणी होणार की नाही, हे ऐन मे महिन्यात ठरले. म्हणजे खोड अजून गेलेली नाही!

महाराष्ट्राला हे सारे नवे नाही. 1952 साली हेलसिंकीसाठी खाशाबा जाधवांना डावलण्यात आले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती होऊन प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखविले, असे सांगतात. प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले. त्या एका संधीतून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. खाशाबांनी कृपा मागितली नव्हती. त्यांनी कुस्ती मागितली होती.

उगवत्या मल्लाला संधी द्यावी काय, या प्रश्नाला आमचे उत्तर म्हणून स्पष्ट आहे: द्यावी, पण दान म्हणून नव्हे. निवडीचे नियम एक वर्ष आधी छापून जाहीर व्हावेत. चाचणी असेल तर तीतून कोणालाही, कितीही पदकांचा धनी असो, सूट नसावी. चाचणी नसेल तर जागा आणणाऱ्याला मध्येच कोणी आव्हान देऊ नये. आणि निवड झालेल्या दिवसापासून त्याच्या खुराकाची, वैद्याची व संरक्षणाची हमी कुस्ती महासंघाने लेखी द्यावी. कांदिवलीच्या केंद्रात आज पहाटे जोर-बैठका काढणाऱ्या एखाद्या दूधवाल्याच्या मुलाला आपला प्रतिस्पर्धी कोण, हे आधी कळले पाहिजे. त्याची लढत मल्लाशी असावी. नियमांच्या अंधाराशी नसावी.