समृद्धीवर रेंज कुठे जाते?



इलेक्ट्रिक मोटारीच्या रेंजबद्दल आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे कंपन्या धडधडीत खोटं बोलतात. दुसरं म्हणजे मोठी बॅटरी घेतली की प्रश्न मिटला. मी इलेक्ट्रिक मोटार शहरात, वाळूजच्या रोजच्या जाण्या-येण्याला आणि समृद्धी महामार्गावर चालवतो. माझ्या मते ही दोन्ही मतं मूळ मुद्द्याला बगल देतात. बॅटरी लवकर संपते ती मुख्यतः वेगामुळे. हे गाडी घेतानाच ग्राहकाला कुणी नीट सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी कंपन्यांच्या आकड्याविषयी. जाहिरातीतली रेंज ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या चाचणीतून येते. त्या चाचणीत गाडी ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, बराच वेळ शहरी गतीनेच धावते आणि एसी बंद असतो. चाचणी खरी असते, पण ती आपल्या प्रवासाची नसते. टाटा मोटर्सने नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या बॅटरीसाठी ४८९ किलोमीटर हा चाचणीचा आकडा दिला, तसाच प्रत्यक्ष वापरासाठी ३५० ते ३७५ किलोमीटरचा वेगळा अंदाजही दिला. हे प्रामाणिकपणाचं पाऊल आहे. तरी समृद्धीवर सावंगीच्या इंटरचेंजवरून चढून १२० चा क्रूझ लावणाऱ्याला तेवढीही रेंज मिळणार नाही, कारण तो अंदाजही सततच्या १२० साठी नाही.

समोरून वारा असताना ज्याने सायकल हाणली आहे, त्याला यामागचं कारण वेगळं सांगायला नको. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट होतो आणि हवेचा विरोध सव्वादोनपट. माझ्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या पडद्यावर ९० ला दर किलोमीटरला १५० वॉट-तासांच्या आसपास खर्च दिसतो. १२० ला तोच आकडा २०० च्या पुढे जाऊन २१०-२२० वर रेंगाळतो. म्हणजे शंभर किलोमीटरला १५ युनिटऐवजी २१-२२ युनिट. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडतं, पण तिथे पंप जवळ असतो आणि टाकी पाच मिनिटांत भरते, म्हणून ते खुपत नाही.

“मग एवढा रस्ता बांधला तो ९० ने जायला का?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडतो. इथून नागपूर सुमारे साडेचारशे किलोमीटर. १२० ने गेलात तर पावणेचार तास, ९० ने पाच तास. वाचला सव्वा तास. पण त्यासाठी बॅटरीतून जवळपास तीस युनिट जास्त गेले. ४५ युनिटच्या गाडीला एकदाच्या ऐवजी दोनदा थांबावं लागलं आणि तेवढी जादा वीज भरायला फास्ट चार्जरवर पाऊण ते एक तास गेला. चार्जरवर आधीच कुणी असेल तर आणखी थांबा. तीच वीज घरच्या मीटरपेक्षा बरीच महाग पडते, ते वेगळंच. शिवाय ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं. म्हणून वाटेत शंभर टक्के भरत बसण्यापेक्षा ८० ला गाडी काढलेली बरी. मधल्या लेनमधून ९०-९५ ने जाणारा माणूस नागपूरला जवळजवळ त्याच वेळी पोहोचतो.

घाटाची भीती मात्र अवास्तव आहे. कन्नडचा घाट म्हटलं की लोक आधी बॅटरीचा विचार करतात. कन्नड आणि चाळीसगाव यांच्या उंचीतला फरक साधारण तीनशे मीटर. एवढी चढण चढायला दीड युनिटच्या आसपास जादा वीज लागते आणि उतरताना रिजनरेशनमधून तिचा निम्म्याहून अधिक भाग परत मिळतो. त्याउलट वाऱ्याचा विचार कुणी करत नाही. जून-जुलैत पश्चिमेचा वारा जोरात असतो. नागपूरकडून येताना तुम्ही १०० ने चालवत असाल आणि समोरून २० चा वारा असेल, तर हवेच्या विरोधापुरते तुम्ही १२० नेच चालला आहात.

शहरात हिशेब उलटा होतो. इथे वेग कमी, पण एसी भारी पडतो. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना एसी तासाला एक-दीड युनिट घेतो. समृद्धीवर तासाभरात ९० किलोमीटर कापले जातात, म्हणून तो भार जाणवत नाही. जालना रोडवर क्रांती चौकापासून मुकुंदवाडीपर्यंत गर्दीत रखडलात तर तोच एसी रेंजचा मोठा वाटा खातो. एसी बंद करा असं मी म्हणणार नाही, आपल्या उन्हाळ्यात तो सल्ला निरुपयोगी आहे. घरी चार्जर लावलेला असतानाच गाडी थंड करून घ्या आणि शक्यतो सावलीत उभी करा. सिग्नल लाल दिसला की पाय लवकर उचला. ब्रेकमधून सगळी वीज परत येत नाही, म्हणून मुळात कमी वेळा थांबावं लागेल अशी गाडी चालवणं हेच जास्त फायद्याचं.

टायरबद्दल कळकळीने लिहितो. दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा टायर थंड असताना मोजून भरायला हवी. हवा कमी असेल तर रेंज घटते हे एक, पण समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर असा टायर अधिक तापतो आणि फुटूही शकतो. टायर फुटून झालेले अपघात आपण याच रस्त्यावर पाहिले आहेत. पहिले टायर झिजल्यावर पैसे वाचवायला कुठलेही टायर बसवू नयेत. इलेक्ट्रिक गाडी वजनदार असते, आणि कमी घर्षणाचे टायर गेले की रेंजही घटते.

हे सगळं आपल्या शहराने आग्रहाने मांडावं असं मला वाटतं. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. २०२२ मध्ये ‘मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’च्या माध्यमातून इथेच शंभरावर इलेक्ट्रिक मोटारींची सामूहिक खरेदी झाली. बिडकीनला टोयोटा आणि एथरसारख्या कंपन्यांनी कारखाने जाहीर केले आहेत. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. म्हणजे शासनाचीच इच्छा आहे की या गाड्या त्या रस्त्यावर धावाव्यात. मग त्या रस्त्याच्या वेगाला किती रेंज मिळते हे गाडी घेणाऱ्याला लेखी कळायला नको का?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक इलेक्ट्रिक मोटारीच्या माहितीपत्रकात आणि शोरूममधल्या फलकावर, एसी चालू ठेवून सलग १०० आणि १२० च्या वेगाने मिळणारी रेंज छापणं सक्तीचं करावं. परिवहन खात्याने आणि पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने यात पुढाकार घ्यावा. तोवर शहरातल्या उद्योजक संघटनांनी पुढची सामूहिक खरेदी करताना हीच अट विक्रेत्यांपुढे ठेवावी. आणि जे सध्या गाडी बघत आहेत त्यांनी टेस्ट ड्राइव्ह जालना रोडवर न घेता समृद्धीवर घेण्याचा आग्रह धरावा. आधी ९० ने आणि मग १२० ने चालवून, पडद्यावरचा खर्चाचा आकडा स्वतः लिहून घ्यावा.

— एक इलेक्ट्रिक मोटारचालक, छत्रपती संभाजीनगर