शिडाची होडी आणि किनाऱ्यावरचे माणूस



आपणा नाशिककरांचे पाण्याशी नाते गोदाघाटाचे, फार तर गंगापूर धरणाच्या जलाशयाचे. समुद्र ठाऊक तो सहलीपुरता. तरीही शिडाची होडी चालविण्यास शिकलेले घरातील कुणी एके दिवशी म्हणते, “उद्या मी एकट्यानेच जाऊन येतो,” आणि जेवणाच्या पानांवर क्षणभर शांतता पसरते. ही इच्छा विक्षिप्त नव्हे; घरच्यांची धास्तीही अनाठायी नव्हे.

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून उंदेरी आणि खांदेरी ही बेटे समोरच दिसतात. उंदेरी जवळ, खांदेरी जराशी आत. तिच्यावर शिवकालीन दुर्ग, दीपगृह आणि कोळीबांधवांचा वेताळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येथला वारा बहुधा नेमस्त असतो. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, दुपारनंतर खारे वारे उलट फिरतात. शाळेच्या भूगोलात आपण पाठ केलेले हे शब्द येथे प्रवासाचे वेळापत्रक ठरतात: एक वारा नेतो, दुसरा आणतो. मधला निवांतपणा आपल्याला मागता येत नाही, वारा पडला की तो आपोआप मिळतो. इंजिनाच्या बोटीने हीच बेटे झटपट पाहून होतात. परंतु हात शिडाच्या दोरीवर, नजर पाण्यावरच्या लहरींवर आणि कान वाऱ्याकडे असताना मनातला कोलाहल जसा ओसरतो, तसा तो त्या घाईत ओसरत नाही.

आता शरीराविषयी. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन टोपीखालूनही भाजते, आणि वाऱ्यामुळे तहान जाणवत नाही. म्हणून घोटघोट पाणी पीत राहावे. डोळ्यांना दिसणारे आणि अंतर्कर्णाला जाणवणारे यांचा मेळ बसला नाही की मळमळते. अशा वेळी दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. मळमळीवरच्या पुष्कळशा गोळ्यांनी झोप येते. सुकाणूवर दुसरे कुणी नसताना त्या घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. मात्र सर्वांत मोठे भय वेगळेच आहे: माणूस पाण्यात पडला तरी शिडाची होडी त्याच्यासाठी थांबत नाही. जीवरक्षक जाकीट अंगात हवे, आणि होडीला जखडणारी दोरीही.

एकट्याचा प्रवास खरोखर एकट्याचा नसतो. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. नौकेवर ते एकटे होते, तरी वाटेत त्यांनी चार बंदरे गाठली. पुढे अभिलाष टॉमी यांनी एकही थांबा न घेता हाच पराक्रम केला. तेच टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली. उपग्रहाद्वारे त्यांनी संदेश पाठविला. शोधणाऱ्यांना ठिकाण कळत होते, म्हणून तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

आपल्या एका दिवसाच्या फेरीसाठी उपग्रह नको. निघताना मार्ग, होडीचा रंग आणि परतण्याची वेळ कागदावर लिहून घरी द्यावी. त्या वेळेनंतर किती मिनिटे थांबायचे आणि मग कुणाला फोन करायचा, हेही त्यावर असावे. कागद ज्याच्या हाती द्याल, त्याने त्या दिवशी दुपारी झोपू नये.