दगडावर अडलेली गाडी
पाऊस सरला की बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या ओढ्यात काळे बसाल्टचे धोंडे उघडे पडतात. रिमोटवर चालणाऱ्या ‘रॉक क्रॉलर’चा कस लागावा तो इथेच किंवा अंबरनाथकडून मलंगगडाच्या पायथ्याला. या खेळात वेग कुचकामी, ताकद हवी. म्हणून हौशी मंडळी आधी चाकं वळवणारा सर्व्हो बदलून 25 किलोचा (म्हणजे टॉर्कने, वजनाने नव्हे) बसवतात. मग चाक कपारीत अडकलं की तो एकदम इतका करंट ओढतो की स्पीड कंट्रोलरमधल्या इवल्याशा बीईसीचं (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणाऱ्या भागाचं) व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि शिव्या खातो बिचारा रिमोट! नवा रिमोट मुळीच घेऊ नका. बॅटरीवरून थेट वेगळा बीईसी घ्या, सर्व्होला सोसत असेल तर 6 व्होल्टवर लावा, आणि कंट्रोलरकडून रिसीव्हरला जाणारी लाल वायर प्लगमधून काढून टेपने गुंडाळा. नाहीतर दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात. बीईसी बॅटरीला जोडायचा डाग स्वतःला जमत नसेल तर उल्हासनगरातला एखादा मोबाईल दुरुस्तीवाला देईल. लायपो बॅटरी टाकणार असाल तर कंट्रोलरला व्होल्टेज घटलं की थांबवणारा कटऑफ आहे ना, तेवढं बघा. सेल 3 व्होल्टच्या खाली उतरला की खराब होऊ लागतो.