स्वस्ताईपलीकडचा मंगळ

मंगळावरील ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच आहे; व्हॅलेस मॅरिनेरिस ही दरी भारताच्या दक्षिणोत्तर विस्ताराहूनही लांब. २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या मंगळयानाने या दोहोंची छायाचित्रे पाठवली. पण आपण कौतुक केले ते प्रामुख्याने ४५० कोटींच्या स्वस्ताईचे. यानावरील वैज्ञानिक उपकरणे मात्र जेमतेम १५ किलोची होती. २०२४ मध्ये केंद्राने शुक्र मोहिमेसाठी १,२३६ कोटी रुपये मंजूर केले. या मोहिमेचे मोल वाचवलेल्या रुपयांत मोजू नये. तिच्या माहितीवर देशातील किती विद्यापीठांत संशोधन होते, हीच तिची खरी कसोटी ठरावी. इस्रो यान पाठवील; त्याला प्रश्न विचारणारे अभ्यासक विद्यापीठांनीच घडवायचे आहेत.