तानापिहिनिपाजा आणि एसओएस : आपल्या फुलफॉर्मच्या सवयीविषयी



मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गासाठी मी सामान्यज्ञानाची एक चाचणी काढली होती. त्यात नेहमीचा प्रश्न होता, 'खालील शब्दांचे फुलफॉर्म लिहा.' पाच शब्द, पाच गुण. एक शब्द होता एसओएस. उत्तर अर्थातच 'सेव्ह अवर सोल्स'. मी स्वतः शाळेत हेच पाठ केलं होतं आणि पुढे डीएडलाही कुणी हटकलं नाही. मुलांनी तेच लिहिलं आणि मी लाल पेनाने बरोबरच्या खुणा करून मोकळी झाले.

ते उत्तर चुकीचं आहे. चूक मुलांची नाही, माझी आहे. ती कशी लक्षात आली ते सांगते, कारण ही एका शब्दापुरती गोष्ट नाही.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्ही मुलांना घेऊन खोडदला गेलो होतो. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांना त्या मोठ्या तबकड्या लांबून माहीत असतात. एकेक 45 मीटर व्यासाची, अशा 30. तिथे मोबाईल बंद ठेवायला सांगतात. कारण दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपते आणि आपल्या मोबाईलचा तिच्या कामात गोंगाट होतो. परत येताना गाडीत एकाने विचारलं, "मॅडम, मग रेडिओवर बोलणारी माणसं असतात, त्यांचं काय?"

त्या प्रश्नामुळे आम्ही एका पालकांच्या ओळखीच्या हौशी रेडिओवाल्यांना शाळेत बोलावलं. ज्यांना हॅम म्हणतात ते हे लोक. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतात, घरी स्वतःचा रेडिओसंच लावतात आणि जगभरातल्या दुसऱ्या हॅमशी बोलतात. धंदा नाही, निव्वळ हौस. पण संकटात हीच हौस कामी येते. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे साथीदार हॅम रेडिओच्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला होते. इतर संपर्क तुटलेले असताना अंदमानातून निरोप पोचवण्याचं काम त्यांनी केलं.

तर त्या काकांनी हातातला छोटा संच लावला आणि मुलांना संभाषण ऐकवलं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्ये मध्ये अक्षरं आणि आकडे. 'क्यूटीएच' म्हणजे ठिकाण. 'क्यूएसएल' म्हणजे निरोप मिळाला. 'क्यूआरएम' म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी अडथळा येतोय. 'ओएम' म्हणजे ओल्ड मॅन, आपण 'काय दोस्ता' म्हणतो तसं. समोरचा विशीतला असला तरी ओल्ड मॅनच! आणि निरोप घेताना 'सेव्हन्टी थ्री'.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने लगेच हात वर केला. "त्र्याहत्तरच का? बहात्तर का नाही?"

मला वाटतं, वर्षभरात माझ्या वर्गात विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी मी पुढचे काही दिवस वाचत बसले.

या बोलीचं मूळ रेडिओत नाहीच, तारेत आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तारमास्तर दिवसभर कट्ट-कडकट्ट करत बसायचे. एकेक अक्षर बोटाने वाजवायचं, वर तार दुसऱ्यांसाठी मोकळी ठेवायची. मग नेहमीच्या वाक्यांना आकडे दिले गेले. 1859 मध्ये वेस्टर्न युनियन कंपनीने अशी एक यादी ठरवली. 30 म्हणजे 'संपलं', आणि 73 म्हणजे शुभेच्छा. त्याआधी 1857 मध्ये याच 73 चा अर्थ 'माझं प्रेम' असा छापलेला सापडतो. प्रेमाचा अर्थ पुढे सौम्य होत होत 'सादर नमस्कार' झाला. पुढे बिनतारी आली तेव्हा तारमास्तरांची ही बोली तिच्यावर गेली आणि तिथून हौशी मंडळींकडे. म्हणजे 73 हा यादीतला एक क्रमांक आहे. बहात्तरच्या पुढचा, चौऱ्याहत्तरच्या आधीचा.

क्यूने सुरू होणाऱ्या संकेतांचंही तसंच. 1909 च्या सुमारास ब्रिटिशांनी जहाजांसाठी ते तयार केले आणि 1912 च्या लंडन परिषदेत ते जगाने स्वीकारले. वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना एकमेकांचं कळावं म्हणून केलेला तो एक तक्ता आहे.

आपल्याला हे परकं वाटू नये. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायची रीत आपल्या आजोबांनी केलेली आहे. तिथे कारण गुपिताचं, इथे कारण घाईचं. पण गरजेपोटी बोली जन्मते, ही गोष्ट तीच.

आता मुद्द्यावर येते. एवढं सरळ कारण असताना आपल्याला मात्र गोष्ट हवी असते. आणि गोष्ट नसेल तर आपण फुलफॉर्म बनवतो.

'हॅम' हाच शब्द घ्या. त्याचा फुलफॉर्म म्हणून एक गोष्ट फिरते. हार्वर्डला हायमन, आल्मी आणि मरे अशी तीन मुलं होती, त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांतून 'हॅम' झालं. कुणी त्याच अक्षरांत हर्ट्झ, आर्मस्ट्राँग आणि मार्कोनी बसवतात. दोन्ही गोष्टी ऐकायला छान. पण तारमास्तरांच्या बोलीत 'हॅम' हा शब्द आधीपासून होता. डॉज यांच्या तारविद्येच्या जुन्या पाठ्यपुस्तकात त्याचा अर्थ दिलाय, 'कच्चा ऑपरेटर'. चुकतमाकत तार वाजवणाऱ्याला धंदेवाईक लोक हिणवून हॅम म्हणायचे. बिनतारीवर हौशी मुलं घुसली तेव्हा त्यांनाही तेच म्हटलं गेलं, आणि त्या मुलांनी ती शिवीच बिल्ल्यासारखी छातीवर लावली. मला विचाराल तर ही खरी गोष्ट त्या खोट्या गोष्टीपेक्षा वर्गात सांगण्यासारखी आहे. चिडवण्याचं नाव कसं पचवायचं, हे चौथी-पाचवीच्या मुलांना दुसरं कोण शिकवणार?

विमानांवर 'व्हीटी' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'व्हाइसरॉयज टेरिटरी', म्हणजे गुलामीची खूण, असं आपण मोबाईलवर किती वेळा वाचलंय! 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेत देशांना रेडिओची आद्याक्षरं वाटली गेली. ब्रिटिश साम्राज्याच्या वाट्याला आलेल्या 'व्ही'ची वाटणी बघा. व्हीएपासून कॅनडा, व्हीएचपासून ऑस्ट्रेलिया, व्हीपीपासून इतर वसाहती आणि व्हीटी ते व्हीडब्ल्यू भारत. आपल्या हॅम मंडळींच्या नावामागे व्हीयू लागतं ते यातलंच. ही वाटणी साम्राज्याच्या काळातली आहे, हे खरं. पण टी म्हणजे टेरिटरी असेल तर ऑस्ट्रेलियाच्या एचचं काय करायचं? आपली पाळी आली तेव्हा टी आला, बस.

आणि एसओएस. जर्मनीने 1905 मध्ये आपल्या नियमांत हा संकेत घेतला आणि 1906 च्या बर्लिन परिषदेत तो जगासाठी ठरला. निवडण्याचं कारण म्हणजे तो वाजवायला सोपा आणि ऐकणाऱ्याला चुकणं अवघड. तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे, मध्ये न थांबता. त्यात 'सोल्स' वगैरे काही नव्हतं. इंग्रजी वाक्य लोकांनी मागाहून बसवलं.

यात मीही फसले, तेही सांगते. 73 मोर्समध्ये वाजवलं तर उलटसुलट सारखं वाजतं. डा डा डिट डिट डिट, डिट डिट डिट डा डा. मला वाटलं, सापडलं! म्हणूनच 73! वर्गात सांगायची तयारीही केली. मग कळलं की हे आजच्या आंतरराष्ट्रीय मोर्समध्ये खरं आहे. 1850 च्या दशकात अमेरिकेच्या तारेवर वेगळा मोर्स होता. त्यात सात आणि तीन निराळे वाजायचे आणि 73 उलटसुलट सारखं नव्हतं. म्हणजे शब्द आधी आला, हे सौंदर्य त्याला नंतर मिळालं.

इथे काही शिक्षक म्हणतील, "मॅडम, मुलांच्या लक्षात राहतं ना? मग काय बिघडलं?" लक्षात राहतं हे मान्य. आपण सगळे इंद्रधनुष्याचे रंग 'तानापिहिनिपाजा'वर शिकलो. पण इंद्रधनुष्य तानापिहिनिपाजामुळे तयार होतं, असं कुणी सांगितलं तर आपण हसू. लक्षात ठेवायची युक्ती वेगळी आणि शब्दाचा उगम वेगळा. 'सेव्ह अवर सोल्स' युक्ती म्हणून खुशाल सांगा. त्याला उगम म्हणालो की आपण मुलाला एक वाईट सवय लावतो. जे कानाला जुळतं ते खरं, ही ती सवय. हेच मूल उद्या मोबाईलवर आलेली कुठलीही जुळवलेली गोष्ट तशीच पुढे पाठवणार आहे.

दुसरी अडचण खरी आहे. परीक्षेत तेच उत्तर मागितलं तर? मी मुलांना सांगते, "पुस्तकात असं लिहितात, खरं असं आहे." पाचवीच्या मुलाला एवढं नक्की समजतं. आणि आपल्या वर्गाची चाचणी तर आपणच काढतो! माझ्या नव्या चाचणीत आता प्रश्न असा आहे : 'एसओएस केव्हा वापरतात? तो बाकावर टिचकीने वाजवून दाखवा.' हे लिहिताना मला माळीण आठवतं. 30 जुलै 2014 ला आख्खं गाव गाडलं गेलं आणि ते बाहेर कळलं एका एसटी चालकामुळे. आपल्या भागातल्या मुलांना मदत मागायची खूण हातातून यायला हवी. तिचा फुलफॉर्म नाही आला तरी चालेल.

कुठल्याही शब्दाची गोष्ट ऐकली की आमच्या वर्गात आता तीन प्रश्न विचारतो.

1. हे कुठे लिहिलेलं आहे आणि ते किती जुनं आहे? नाणेघाटात लेख कोरलेला आहे, म्हणून आपण सातवाहनांबद्दल भरवशाने बोलतो. शब्दालाही असा पुरावा लागतो.

2. गोष्ट घडली त्याच्या आधीपासून शब्द होता का? 'हॅम' इथेच पकडला गेला.

3. हीच युक्ती शेजारच्या शब्दाला लागू पडते का? 'व्हीटी' इथे पकडला गेला.

पालकांसाठी एक छोटं काम. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, एसटी स्टँडवर, तमाशाच्या राहुटीत, दूध डेअरीवर तुम्ही जे खास शब्द वापरता, त्यातले दोन-तीन मुलांना सांगा. ते कशासाठी लागतात तेही सांगा. मुलं वहीत लिहून आणतील. मूळ सापडलं नाही तर समोरची जागा रिकामी ठेवायची, भरायची नाही. आमच्या वर्गात रिकाम्या जागेला गुण कापत नाही, बनवून लिहिलेल्याला कापते.

आणि घरात रेडिओचं वेड असलेलं मूल असेल तर एवढं लक्षात ठेवा. वयाची 12 वर्षं पूर्ण झाली की हॅमच्या परवान्याची परीक्षा देता येते. ती त्र्याहत्तरवाली मुलगी आतापासून वर्षं मोजते आहे.