‘दुधाचाच दात आहे, पडेल!’ हे वाक्य आता पुरे

तिसरीच्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर गालाला हात लावून बसत होती. फळ्याकडे लक्ष नाही, पाढे म्हणताना तोंड उघडत नाही. मधल्या सुट्टीत खिचडी एकाच बाजूने चावायची. वडिलांना बोलावलं तर ते हसून म्हणाले, “सर, दुधाची दाढ आहे. पडेल आपोआप. लवंग ठेवलीय.” मीही मान डोलावली. पंधरा दिवसांनी गाल सुजला, तेव्हा तिला तालुक्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ही दुधाची नाही, कायमची दाढ आहे आणि आता वाचवण्यासारखी राहिली नाही. वयाच्या आठव्या वर्षी त्या मुलीची आयुष्यभराची एक दाढ गेली.

चूक एकट्या वडिलांची नव्हती. रोज पाच तास ती माझ्यासमोर बसत होती आणि मलाही ते माहीत नव्हतं. म्हणूनच शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, हा विषय मांडतो आहे. माझं मत स्पष्ट आहे. मुलांचे दात साखरेमुळे किडतात हे खरं, पण ते वाया जातात ते ‘पडणारच आहे’ या आपल्या वाक्यामुळे.

आधी साधा हिशोब पाहू. दुधाचे दात २०, कायमचे ३२. साधारण सहाव्या वर्षी पुढचे दात हलायला लागतात. घरात सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. पडलेला दात कौलावर टाकायचा, बोळकं झालेल्या तोंडाचा फोटो काढायचा. त्याच सुमाराला सगळ्यात मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या पाठीमागे, एक नवी दाढ गुपचूप वर येते. वर दोन, खाली दोन, अशा चार. ही कायमची पहिली दाढ. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आली हे कोणाला कळतही नाही. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकतं आणि लहान मुलाचा ब्रश तिथपर्यंत पोचत नाही. म्हणजे मूल पहिलीत येतं तेव्हाच ही दाढही येते आणि आपण तिला दुधाची समजून सोडून देतो.

बरं, दुधाची असली तरी सोडून द्यायची का? दुधाच्या दाढा नऊ ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. सहाव्या वर्षी किडलेली दाढ तोपर्यंत कशी चालवायची? दुखतं म्हणून मूल नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही आणि सकाळी गैरहजर राहतं. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. मग खालून येणाऱ्या दाताला वाट मिळत नाही आणि तो वाकडा येतो. पुढे तारा लावायचा खर्च येतो, त्याचं मूळ अनेकदा इथे असतं.

‘दाताला कीड लागली’ असं आपण म्हणतो, पण आत किडा वगैरे काही नसतो. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचं कवच झिजवतं. लाळ ही झीज थोडीफार भरून काढते, पण तिला मध्ये वेळ मिळायला हवा. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर एक लाडू खाल्लेला बरा. पण दिवसभर थोडं थोडं बिस्किट, वेफर्स, गोळ्या चालूच, हे वाईट. रात्री झोपेत लाळ कमी होते. म्हणून दूध पिऊन तसंच झोपणारं बाळ आणि न घासता झोपणारं मूल, दोघांचेही दात लवकर किडतात.

उपाय महागडे नाहीत. दिवसातून दोनदा दात घासायचे. त्यातली रात्रीची वेळ चुकवायची नाही. पेस्ट फ्लोराईडची हवी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत मटाराएवढी पुरे. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात, तेवढी नको. घासून झाल्यावर थुंकायचं, पण लगेच पाण्याने खळखळून धुवायचं नाही, म्हणजे फ्लोराईड दातांवर राहतं. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने स्वतः घासून द्यावं. ज्या मुलाला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला मागची दाढ घासता येईल कशी?

दवाखान्याची भीतीही आपणच घालतो. “गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील!” मग मूल तोंड उघडेल कसं? लवकर गेलं तर काम छोटं असतं. नव्या दाढेच्या खाचा सीलंटने बुजवता येतात. त्याला सुई लागत नाही, दुखत नाही. कीड वरवरची असेल तर सिमेंट भरून भागतं. आत नसेपर्यंत गेली, तर दुधाच्या दाढेचीही मुळं साफ करून वर कॅप बसवता येते. दाढ काढावीच लागली, तर जागा राखणारी छोटी तार बसवतात. उशीर जितका, खर्च तितका.

मुलं आपलं ऐकत नाहीत, आपल्याकडे बघतात. आजी सकाळी मिश्री लावते आणि नात शेजारी बसून बोट दातांवर फिरवते, हे मी पाहिलं आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात साफ होत नाहीत, व्यसन लागतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मोठ्यांची दुसरी सवय म्हणजे ‘दुखतोय ना, काढून टाक’. रूट कॅनलने वाचणारी दाढ आपण काढून येतो आणि पन्नाशीत भाकरी कुस्करून खातो. वरची दाढ काढली की नजर जाते, दात साफ करून घेतले की हलतात, या समजुतींना आधार नाही. हिरडीतून रक्त येत असेल तर घासणं बंद करायचं नसतं, डॉक्टरांना दाखवायचं असतं. मधुमेह असेल तर हिरड्यांकडे जास्तच लक्ष हवं.

काही शिक्षक म्हणतील, “आमच्यामागे कामं कमी आहेत का? आता दातही आम्हीच बघायचे?” तक्रार खरी आहे. पण मी नवीन नोंदवही मागत नाही. पोषण आहारानंतर सगळ्यांनी चूळ भरायची. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी पेन्सिल किंवा चिक्की नव्हे, तर पेरूची फोड चालेल. पहिलीच्या पालकसभेत पाच मिनिटं या सहाव्या वर्षाच्या दाढेबद्दल बोलायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ते दातही पाहतं. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाऊ नये, म्हणून पालकांना एक फोन करायचा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग दाखवायचा.

आणखी एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला माहीत हवी. खेळताना कायमचा दात मुळासकट पडला, तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम. तो परत बसण्याची शक्यता असते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

ती मुलगी आता पाचवीत आहे, हसते, खेळते. पण खालच्या डाव्या बाजूला रिकामी जागा आहे आणि ती पाहिली की मला माझी डोलावलेली मान आठवते. आज रात्री आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला उजेडात बसवा, ‘आ’ करायला सांगा आणि सगळ्यात मागची दाढ बघा. ती पडणार नाही. तिला साठ-सत्तर वर्षं टिकायचं आहे.