आठवणी ‘बनवायला’ निघण्याआधी पोरांना तांदूळ निवडायला बसवा



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं, “यंदा मुलांसाठी छान मेमरीज बनवू या.” मग महाबळेश्वर नाहीतर गोव्याचं बुकिंग होतं. पहिल्या वाढदिवसाला हॉल घेतला जातो, डोहाळजेवणाला फोटोवाला बोलावला जातो. फिरायला जाण्याशी माझं काही वैर नाही, आम्हीही जातो. पण या वाक्यात जी समजूत लपली आहे ती मला खटकते. आठवण म्हणजे घराबाहेर जाऊन, पैसे भरून, तारीख ठरवून आणायची वस्तू, असं आपण मुलांना शिकवतोय. वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस मग कशासाठी असतात?

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगते. घरातले लक्षात राहणारे छोटे क्षण कमी झाले, त्याचा दोष सगळे मोबाईलला देतात. माझ्या मते मोठा दोष आपला आहे. घरकाम आपण एकटीच्या अंगावर घेतलं आणि मुलांना, पुरुषांना त्यातून उठवून लावलं. ते क्षण त्या कामातच होते.

हे कसं होतं ते बघा. मूल शाळेतून आलं की आपण विचारतो, “आज काय झालं शाळेत?” उत्तर येतं, “काही नाही.” तोंडासमोर बसून केलेली चौकशी मुलाला तपासणीसारखी वाटते. त्याच मुलाला मटार सोलायला शेजारी बसवा. हात कामात असतात, नजर ताटात असते, कोणी कोणाकडे बघत नाही. अशा वेळी तोंड आपोआप सुटतं. आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, धाकटा मटार सोलता सोलता सहज म्हणाला, “माझ्या बाकावर आता कोणी बसत नाही.” तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्या आधीचे पंधरा दिवस तो नीट जेवत नव्हता आणि आम्ही पोटाची औषधं देत होतो. खरं कारण कळलं ते मटारच्या ढिगापाशी. कुठल्या रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये ही सोय असते, सांगा.

दुसरी गोष्ट माझ्या सासूबाईंची. त्यांच्या माहेरी आडाचं पाणी दुहेरी कपड्यानं गाळून घ्यायचे आणि कपड्यावर राहिलेली जिवाणी त्याच आडात अलगद परत सोडायची. जीव जिथला तिथं गेला पाहिजे, हा नियम. घरातल्या प्रत्येक पोराला काहीतरी काम नेमून दिलेलं होतं, सासूबाईंकडे जिवाणी होती. एकदा त्या खेळण्यात विसरल्या. अंधारून आल्यावर वडिलांना ते कळलं. ते रागावले नाहीत. कंदील घेतला, मुलीचं बोट धरलं आणि आडापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. सासूबाई म्हणतात, “सात भावंडांत वडील माझ्या एकटीच्या वाट्याला आले ते तेवढंच.” आज त्यांचं वय ऐंशीच्या पुढं आहे. वडिलांचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही, पण ती वाट त्यांना पायरी न् पायरी आठवते. आठ वर्षांच्या पोरीवर घरानं एक काम सोपवलं होतं, म्हणून ही आठवण तिला मिळाली.

आता आपल्या घरांत काय चाललंय ते आकड्यांतच बघू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर सहा वर्षांवरच्या माणसांच्या वेळेचा हिशेब घेतला. पाहणीच्या दिवशी घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका होत्या शंभरात ८१ आणि पुरुष २६. काम करणाऱ्या बाईचा त्यात सरासरी वेळ जात होता २९९ मिनिटं, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. काम करणाऱ्या पुरुषाचा वेळ होता ९७ मिनिटं. हे आकडे सगळे कष्टाच्या अंगानं वाचतात आणि ते बरोबरच आहे. मी आणखी एका अंगानं वाचते. त्या पाच तासांत बाई स्वयंपाकघरात बहुतेक एकटी असते. नवरा बाहेरच्या खोलीत, पोरं अभ्यासाला, सासरे टीव्हीपुढं. घराच्या मधोमध राहून ती घरात नसते. मग आठवड्यातून एकदा ‘क्वालिटी टाइम’ काढायचा, तोही तिनंच डबे भरून.

श्यामची आई आपण सगळ्यांनी वाचली आहे. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तुरुंगात बसलेल्या माणसाला आईचं काय आठवलं? आंघोळीनंतर तळपायांना माती लागू नये म्हणून आईनं पसरलेला ओचा आठवला. पत्रावळ लावायला शिकायचा कंटाळा करणारा श्याम आणि ते शिकल्याशिवाय त्याला न सोडणारी आई आठवली. त्या माउलीनं ‘मेमरी’ बनवण्यासाठी काही केलं नव्हतं. तिनं पोराला घरातल्या कामात धरून ठेवलं होतं. आपण ते पुस्तक वाचून डोळे पुसतो आणि लगेच म्हणतो, “बाळा, तू ऊठ, तुझा अभ्यास राहील, मी करते.”

यावर मला काय काय ऐकावं लागतं तेही सांगते.

“पोरांना बसवलं तर दुप्पट वेळ लागतो.” लागतोच. सहा वर्षांचं पोर वाटीभर तांदूळ निवडायला अर्धा तास घेतं. पण तो अर्धा तास तुमच्याजवळ बसलेलं असतं. वेळ वाचवून आपण तो कुठं नेतो, हेही एकदा स्वतःला विचारा.

“आता पाकिटात निवडलेलाच तांदूळ येतो.” येऊ दे. आपल्या घरात निवडणं फक्त खड्यांसाठी कधीच नव्हतं. एखादी अळी दिसली तर ती चिरडू नये, अलगद बाजूला ठेवावी, यासाठी होतं. पाठशाळेत अहिंसेवर पाच मार्कांचं उत्तर लिहिणाऱ्या पोराच्या बोटांना ती अळी उचलता येते का, ते बघा.

“म्हणजे मुलींना पुन्हा चुलीपाशी बसवायचं?” अजिबात नाही, उलट मुलांना आधी बसवा. मुलगी तशीही बसते, कारण तिला ‘पुढं उपयोगी पडेल’ म्हणून बोलावलं जातं आणि तिचा भाऊ क्रिकेटला जातो. माझा खरा राग इथं आहे. ज्या मुलाला आईशेजारी काही न बोलता अर्धा तास बसायची सवय नाही, तो उद्या बायकोशेजारी तरी काय बसणार? आणि आई म्हातारी झाल्यावर तिच्याशी बोलायला त्याच्याकडे “औषध घेतलंस का” यापलीकडे वाक्य तरी असेल का?

“पूर्वीच्या बायकांचे कष्ट गोड करून सांगू नका.” हे मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. पहाटे उठून जातं ओढणं हाल होते, ते परत यावेत असं मी म्हणत नाही. मिक्सर राहू दे, गिरणीचं पीठ राहू दे. जे काम उरलंय ते वाटून घ्या, एवढंच मागते.

सगळ्यात मोठा विरोधाभास तर धर्माच्या नावावर चालतो. सूर्यास्ताआधी जेवण ही आपल्या घराची शिस्त. कोल्हापूर-सांगलीकडं जूनअखेरीस सूर्य सातनंतर मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास. थंडीत ही वेळ गाठायची म्हणजे साडेचारपासून धावपळ असते. सगळे बरोबर सहाला पाच कमी असताना ताटावर येतात, जेवतात, उठतात. ज्या बाईनं हे जमवलं ती शेवटची, उभ्या उभ्या, खिडकीकडं बघत घास उतरवते. नियम सगळ्या घराचा आणि धावपळ एकटीची, असं कसं चालेल? दशलक्षण पर्वातही तेच. उपवास करणाऱ्याचं कौतुक मंदिरात होतं. दहा दिवस कोणाचं एकासन, कोणाचा उपवास, कोणाचं पारणं हे डोक्यात ठेवून सोवळ्यानं रांधणाऱ्या बाईचं नाव कोणी घेत नाही. तिच्याबरोबर भाजी निवडायला नवरा बसला तर त्याचा धर्म कमी होईल का? आपल्या मुनींनी वस्तू उचलताना आणि ठेवताना जीव दुखावणार नाही असं जपायचं असतं, त्याला आदान-निक्षेपण समिती म्हणतात. एवढ्याशा कृतीकडं इतकं लक्ष देणारा आपला धर्म. आणि त्याच धर्माच्या घरात भांडी घासणं, धान्य निवडणं ‘बायकांचं काम’ म्हणून खालचं ठरतं. हे मला पटत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. या आठवड्यापासून घरातल्या प्रत्येकाला, सासऱ्यांपासून धाकट्यापर्यंत, रोजचं एक काम कायमचं नेमून द्या. ‘मदत’ म्हणून देऊ नका. ते काम त्याचं, विसरला तर ते तसंच पडून राहील. एक काम असं निवडा जे दोघांनी मिळून करायचं आहे, मटार सोला, धान्य निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. त्या वेळी टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. प्रश्न विचारू नका, शिकवण देऊ नका, नुसतं शेजारी बसा. पहिले आठ दिवस कुरकुर होईल. ती ऐकून “जाऊ दे, मीच करते” असं म्हणू नका. आपल्या या एका वाक्यानं घराचं फार नुकसान केलंय.

महाबळेश्वरचं बुकिंग रद्द करा असं मी म्हणत नाही. पण जाण्याआधी घरातला तांदळाचा डबा उतरवा आणि पोराला हाक मारा.